दोन तुकड्यांमधली घडीची भिंत

भिंत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे दगड-विटा येत असतील, मित्रांनो. मी तशी नाही. मी लाकडाची आहे. चाकांवर चालते आणि घडी घातली की कोपऱ्यात अंग चोरून उभी राहते. विटांच्या भिंती मला आपल्यात घेत नाहीत आणि दारे तर मला विचारतही नाहीत. अशा अर्धवट वस्तूने आपली कहाणी सांगावी का, हा विचार मी पुष्कळ दिवस केला. पण भिंतीला कान असतात हे सगळेच कबूल करतात. मग एखादीला तोंडही असले तर कोणाचे काय बिघडले? म्हणून भीत भीत सुरुवात करते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म गर्दीमुळे झाला. दोऱ्याच्या रिळांच्या कारखान्यामागे एक प्राथमिक शाळा होती. शाळा म्हणजे एकच लांबलचक दालन, एका टोकाला फळा आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. सुरुवातीला तिथे इतकी थोडी मुले होती, की गुरुजी हजेरी न घेता नुसती मान फिरवूनच कोण आले नाही ते सांगत. मग कारखान्यात रात्रपाळी सुरू झाली. गावोगावची माणसे कामाला आली, त्यांची बिऱ्हाडे आली आणि बिऱ्हाडांबरोबर मुले आली. बघता बघता शाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही. तिघांच्या बाकावर पाच जण बसू लागले. पाचवा अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत असे. त्याला बाकीचे 'टेकू' म्हणत, कारण तो उठला की सगळी रांग कलंडे.

शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. शाळा सुरू झाली तेव्हा तिला ताप आला होता. ती बरी होऊन येईपर्यंत पुढच्या जागा भरून गेल्या होत्या. गुरुजींचे बोलणे तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेतल्या मुलांच्या गलक्यातच विरून जाई. मग ती हात वर करून म्हणे, "गुरुजी, पुन्हा सांगा." गुरुजी पुन्हा सांगत. ती पुन्हा हात वर करी. शेवटी तिचे नावच 'पुन्हा-सांगा' पडले.

एके दिवशी गुरुजींचा धीर सुटला. "कान घरी ठेवून आलीस का गं?"

तेवढ्यात मागून एक जाड आवाज आला. "गुरुजी, कान तिच्याजवळच आहेत. मी इथं ठोकाठोकी थांबवून कधीचा बसलोय, मलाही काही ऐकू आलं नाही."

तो आवाज सुताराचा होता. मोडक्या बाकाला पाय बसवायला तो आला होता. पुन्हा-सांगा त्याचीच लेक. सगळा वर्ग हसला. एखादे गुरुजी रागावले असते. पण आमचे गुरुजी सरळ माणूस होते. त्यांनी खडू सुताराच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू तिकडे जा. काहीही बोल. मी इथं बसतो."

सुतार फळ्यापाशी गेला. बोलायला काय सुचणार? त्याने आपली हत्यारे म्हणायला सुरुवात केली, रंधा, करवत, पटाशी, गिरमिट. गुरुजी शेवटच्या बाकावर, टेकूच्या जागी, अर्धे हवेत बसून कान टवकारून ऐकत राहिले. मग ते उठले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"इतके दिवस मी अर्ध्याच वर्गाला शिकवत होतो तर," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी ठरले की दालनाचे दोन भाग करायचे, 'अ' तुकडी आणि 'ब' तुकडी. गुरुजी पक्की भिंत घालायला निघाले होते. सुताराने मान हलवली.

"पक्की नको. घडीची करतो. शिंपी कापड शिवताना शिवणीत माया सोडतो की नाही? पोरं आज वाढलीत. उद्या कमी होतील, परवा परत वाढतील."

"कमी व्हायची भाषा कशाला काढतोस? शुभ बोल नाऱ्या."

"मी शुभच बोलतोय. घडी म्हणजे दोन्ही वेळांची सोय."

अशी मी घडले, मित्रांनो. माझे लाकूड काही शिसवी-सागवानी नाही. कारखान्याची यंत्रे ज्या खोक्यांमधून आली, त्या खोक्यांच्या फळ्यांची मी. सुताराने रंधा मारला तेव्हा माझ्या ढलप्या वर्गभर उडाल्या आणि मुलांनी त्यांच्या मिशा करून लावल्या. एका फळीवर काळ्या ठसठशीत अक्षरांचा छाप होता. तो काही केल्या निघेना. सुताराने त्यावर हिरव्या रंगाचे दोन हात दिले आणि तो दिसेनासा झाला. त्या छापाची गोष्ट मी पुढे सांगेन.

मला ओढायची मूठ त्याने फार खाली बसवली, अगदी त्याच्या लेकीच्या खांद्याइतकी.

"अरे, मोठ्यांना वाकावं लागेल," गुरुजी म्हणाले.

"वाकू देत की. पोरांच्या शाळेत आल्यावर वाकायचंच असतं."

यानंतरचे दिवस माझ्या अभिमानाचे. शाळेला दुसरे गुरुजी मिळाले. माझ्या एका अंगाला इतिहास चाले आणि दुसऱ्या अंगाला गणित. माझे दोन्ही विषय एकदम पक्के झाले, फक्त अधूनमधून लढायांमध्ये अपूर्णांक मिसळत. पुन्हा-सांगा 'ब' तुकडीत दुसऱ्या बाकावर आली. पहिल्या आठवड्यात सवयीने तिचा हात वर गेला. मग तिच्या लक्षात आले की सगळे ऐकू आले आहे. तिने हात तसाच खाली आणून केसांवरून फिरवला. तो क्षण मी विसरलेले नाही. माझे काम एवढेच, मधे उभे राहायचे. पण मधे उभे राहून कोणाला तरी जवळ आणता येते, हे मला तेव्हा कळले.

एकदा वरून तपासनीस आले. त्यांनी मला दोनदा उघडून मिटून पाहिले. "ही कल्पना कोणाची?" त्यांनी विचारले. गुरुजींनी सुताराकडे बोट दाखवले, तर सुतार माझ्याच मागे लपलेला! शनिवारी सगळी शाळा एकत्र बसे, तेव्हा माझी घडी घालायचा मान मिळावा म्हणून मुले भांडत. माझी चाके रुळावरून खडखडली की सगळे एका सुरात ओरडत, "गाडी आली, सरका!" सांगताना थोडी बढाई होत असेल. पण जन्मभर मधेच उभी राहिलेली मी, मला मिरवायला आणखी आहे तरी काय?

मुले वाढतच गेली. व्हरांड्यातही एक वर्ग भरू लागला. पुन्हा-सांगा शाळा सोडून मोठ्या शाळेत गेली, तिथून आणखी शिकली, आणि एके दिवशी शिक्षिका होऊन माझ्यापुढे उभी राहिली. मूठ धरायला तिला आता वाकावे लागले. ती वाकली आणि हसली.

पण सुताराचा दुसरा शब्दही खरा व्हायचा होता. कारखान्यात अशी यंत्रे आली की दहा जणांचे काम एक जण करू लागला. मग तोही नकोसा झाला आणि एके दिवशी कारखान्याला कुलूप लागले. बिऱ्हाडे जशी आली तशी निघाली. खिडकीतून रोज एखादा टेम्पो दिसे. वर गाद्या, बादल्या आणि त्यांच्या मधोमध दप्तर मांडीवर घेतलेले मूल. बाकावर पाचांचे तीन झाले, तिनांचे दोन झाले. मग असेही बाक आले की ज्यांच्यावर एकटेच मूल बसे आणि शेजारी दप्तर ठेवी, सोबतीला म्हणून.

दोन तुकड्यांची एक झाली. माझी घडी घातली गेली ती कायमची. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर ओल्या छत्र्या टांगल्या गेल्या, जुने नकाशे टेकवले गेले, केरसुणी ठेवली गेली. चाके गंजली. मला नेहमीच्या शंकांनी घेरले. मी कधी खरंच उपयोगाची होते, की गर्दी होती म्हणून खपून गेले? एकटी असले की असले विचार मला लवकर सापडतात.

पुन्हा-सांगा आता 'मोठ्या बाई' झाली होती. "मोठ्या कसल्या," ती स्वतःच म्हणे, "लहान बाईही मीच आणि मधल्या बाईही मीच." चारही इयत्ता त्या एकाच दालनात आणि शिक्षिका एकटी. पण मुले थोडी होती, म्हणून एक गोष्ट फार सुंदर झाली. कोणते मूल पेन्सिल घट्ट आवळून धरते, कोण उत्तर येत असूनही हात वर करत नाही, कोणाचे आज घरी भांडण झाले आहे, हे बाईंना चेहऱ्यावरून कळे. कोणत्याही मुलाला 'पुन्हा सांगा' म्हणावेच लागत नसे. त्याच्या आधी बाई त्याच्या बाकापाशी गेलेल्या असत.

अडचण एकच होती. पट ठरावीक आकड्याच्या खाली गेला की शाळा बंद करायची, असा नियम होता. मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवणार होते. त्या बाजूला नव्या इमारती उठल्या होत्या आणि ती शाळा दुथडी भरून वाहत होती. आमच्याकडे येऊन पाहणी करायला एक साहेब निघाले होते.

आदल्या दिवशी बाई रिकाम्या दालनाकडे बघत उभ्या होत्या. शाळेचे शिपाईमामा झाडत होते. मामाही याच शाळेचे, एके काळचे टेकू.

"मामा, एवढ्याशा पोरांना एवढं मोठं दालन. ढगळ सदरा घातल्यासारखं दिसतंय. मधलं पार्टिशन ओढून घ्या बरं. निदान नीटनेटकं दिसेल."

"बाई, तुम्ही निर्धास्त राहा," मामा म्हणाले. मामा निर्धास्त राहा म्हणाले की काळजी करावी, हे बाईंच्या ध्यानात यायला हवे होते.

माझ्यावरच्या छत्र्या उतरल्या. मामांनी चाकांना तेल दिले आणि मी कुरकुरत का होईना, कित्येक वर्षांनी पुन्हा दालनाच्या मधोमध उभी राहिले. बाईंना वाटले, काम झाले. पण मामांच्या डोक्यात वेगळेच शिजत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण, अदबशीर आणि जरा घाईत. पुढच्या अर्ध्या दालनात मुले बसली होती. अर्ध्या जागेत ती खरंच भरलेली दिसत होती. साहेबांनी एकाला वाचायला सांगितले, एकाला गणित घातले. दोघांनीही छान उत्तरे दिली. आणि इतक्यात माझ्या मागून आवाज उठला. एका सुरात, दणदणीत.

"बे एके बे! बे दुणे चार!"

बाई चमकल्या. मी चमकले नाही, कारण मला माझी मागची बाजू दिसत होती. मामांनी मागच्या दाराने आपल्या वेळची सगळी फलटण आत घेतली होती. पाववाला, दोन शिंपिणी, निवृत्त टपालवाला, मुलांच्या आया, एकीची सासू. सगळे एके काळचे इथलेच विद्यार्थी. इवल्याशा बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. मामा समोर उभे राहून हाताने ताल देत होते. आणि शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसला होता म्हातारा सुतार, बाईंचे वडील. त्याला आता कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसे.

साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे दुसरी तुकडीपण आहे? मला तर उलटंच सांगितलं होतं. आवाजावरून पट चांगला दिसतोय."

बाईंनी नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी चालले असते. साहेबांना घाई होती. कदाचित ते मागे बघायला गेलेही नसते आणि शाळा वाचली असती. मला बाईंच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

तिकडे फलटण मात्र रंगात आली होती. माणसाला लहानपणी पाठ केलेले म्हणायला मिळाले की तो थांबत नाही. कोण जास्त जोरात म्हणतो, याची चढाओढ लागली. बेचा झाला, सातचा झाला, आणि पाववाल्याला चेव चढला. त्याने म्हाताऱ्या सुताराच्या कानाशी तोंड नेऊन सरळ एकोणतिसाला हात घातला.

"एकोणतीस एके एकोणतीस!"

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "तिसरी-चौथीला एकोणतिसाचा पाढा? आणि आवाज एवढा घोगरा?"

मामांनी ते ऐकले आणि घाईघाईने दोन्ही हात हलवून थांबायची खूण केली. सगळे एकदम गप्प झाले. सगळे म्हणजे एक सोडून. डोळे मिटलेल्या म्हाताऱ्याला ना खूण दिसली ना शांतता ऐकू आली. तो एकटाच खणखणीत सुरात पुढे निघाला.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

बाईंनी तो आवाज ओळखला. त्या माझ्यापाशी आल्या, वाकल्या आणि त्यांनी मूठ धरली. "साहेब," त्या म्हणाल्या, "दुसरी तुकडी नाही. मी एकटी आणि ही एवढीच मुलं. बाकीचं तुम्हीच बघा." आणि त्यांनी मला ओढले.

खडखडत माझी घडी पडली. समोर गुडघे हनुवटीला लावलेली सगळी मोठी माणसे. कोणी खाली बघू लागले. एका शिंपिणीने पदरात तोंड लपवले. मामा म्हणाले, "साहेब, बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. डोकं माझं आहे." त्यावर टपालवाला पुटपुटला, "डोकं असतं तर एकोणतिसावर थांबवलं नसतंस का?"

साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलेच. मग ते गंभीर झाले. "बाई, तुम्ही खरं बोललात. पण नियम नियमच राहतो. अर्धं दालन रिकामं आहे. तिकडच्या शाळेत सगळ्या सोयी आहेत."

"तिकडे आमची मुलं कुठे बसतील?"

"बसतील की. मागे जागा करतील."

"मागेच ना?" बाईंनी विचारले. "साहेब, एक विनंती आहे. त्या बाबांच्या शेजारी, शेवटच्या बाकावर जरा बसा."

साहेब बसले. त्यांचेही गुडघे हनुवटीला लागले. बाई फळ्याजवळ गेल्या आणि चढ्या आवाजात नव्हे, नेहमीच्याच आवाजात त्यांनी मुलांना धड्यातली चार वाक्ये सांगितली. मधली सगळी माणसे श्वास रोखून बसली होती.

"ऐकू आलं?"

"शब्द अन् शब्द."

"आता एकदा तिकडच्या शाळेत असेच शेवटच्या बाकावर बसून बघा. मग तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

साहेब गेले. पुढचे दिवस फार जड होते. बाई शिकवताना खिडकीकडे बघत. शाळा राहिली की गेली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मामा अपराध्यासारखे वावरत आणि दिवसातून तीनदा माझी चाके पुसत. मला मात्र एक गंमत वाटत होती. इतकी वर्षे मी मधे उभी राहून उपयोगी पडले होते. त्या दिवशी मी बाजूला सरून उपयोगी पडले.

साहेब परत आले तेव्हा घाईत नव्हते. दारातूनच म्हणाले, "बाई, मी बसून आलो. पूर्ण तासभर. मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू आला. शेजारच्या पोरीला विचारलं, तुला कळलं का, तर म्हणाली, मी पुढचीचं बघून लिहिते." मग ते आत आले. "तुमची मुलं तिकडे जाणार नाहीत. तिकडची एक तुकडी तिच्या शिक्षकांसह इकडे येईल. तूर्त दोन वर्षांसाठी. पुढचं पुढे बघू."

त्या वेळी म्हातारा सुतार माझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू आवळत खाली बसला होता. बाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"बाबा, शाळा राहिली."

"काय? पुन्हा सांग."

"शाळा राहिली! नवीन तुकडी येतेय!"

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

त्या ओरडून सांगू लागल्या, पुन्हा पुन्हा, आणि ओरडता ओरडता रडू लागल्या. शेवटी मामा हळूच म्हणाले, "बाई, त्यांना पहिल्या खेपेलाच कळलंय. ते हसतायत बघा."

आता मी पुन्हा मधोमध उभी असते, मित्रांनो. एका अंगाला जुनी मुले, दुसऱ्या अंगाला नवी. दोन्हीकडे एवढीच की प्रत्येकाचा चेहरा दिसावा. दोन वर्षांनी काय होईल, मला ठाऊक नाही. घडीच्या भिंतीने पक्के काही बोलू नये. पण शनिवारी माझी चाके खडखडली की दोन्ही बाजूंनी ओरडा होतो, "गाडी आली, सरका!" आणि मी या वयातही ताठ होते.

तो छाप सांगायचा राहिला. माझ्या शेवटच्या बाकाकडच्या फळीला इतकी वर्षे इतक्या पाठी घासल्या, की हिरवा रंग हळूहळू उडाला आणि खाली दडलेली अक्षरे वर आली. मामा तिथे नवा रंग द्यायला निघाले होते. बाईंनी त्यांना थांबवले. तुम्हाला माझ्याकडून काही घ्यायचे असेल तर एवढेच घ्या. वर्गात बोलायला उभे राहाल, तेव्हा एकदा शेवटच्या बाकाला विचारा, ऐकू येतंय का. आणि माझ्यासारख्या जुन्या लाकडाच्या चाकांना वर्षातून एकदा तेल घाला. अडगळ म्हणून कोपऱ्यात ठेवलेले केव्हा लागेल, सांगता येत नाही. बाकी सगळे त्या अक्षरांत आले आहे. यंत्रे पाठवणाऱ्या कोणीतरी ते खोक्यावर यंत्रांसाठी छापले होते. आता ते मुलांच्या पाठीमागे असते आणि मी ते मोठ्या अभिमानाने अंगावर वागवते:

'आत नाजूक माल आहे. सांभाळून.'